आमच्याकडे तीनदा विचारतात

९ ऑक्टोबर, गुरुवार

डेल्गाडो बाईंनी सांगितलं म्हणून लिहितोय. नाहीतर रोजनिशी वगैरे माझा पिंड नाही. मी फर्नेस दुरुस्त करणारा माणूस. या भागातली निम्मी घरं हिवाळ्यात गरम राहतात ती माझ्या हातामुळे, आणि ते काम करताना माझ्या मनात काय येतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

बाई म्हणाल्या, "मिस्टर ब्रेक्के, घरातलं माणूस असं आजारी असलं की दुसऱ्याचीही ओढाताण होते. रोज चार ओळी लिहा. कुणाला दाखवू नका, पण खरं लिहा."

तर खरं लिहितो. माझी बायको आर्डिस उन्हाळ्यापासून खचली आहे. दिवसाची झोपून असते, ताटातलं इकडचं तिकडे करते. चर्चमध्ये इतकी वर्षं ऑर्गन वाजवणारी बाई आता त्या रस्त्याने जायलाही तयार नाही. जूनमध्ये सेल्मा रुडच्या अंत्यविधीला वाजवता वाजवता तिचे हात थांबले आणि स्तोत्र अर्ध्यावर राहिलं. झालं ते एवढंच. पण सगळं गाव अजून तेच बोलतंय, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं आहे. परवा म्हणाली, "मी नुसतं ओझं आहे रे. माझ्याशिवाय तू सुखात राहशील." हवामान सांगावं इतक्या शांतपणे ती हे बोलते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि डेल्गाडो बाईंकडे पाठवलं. मनाची वळणं सुधारायचं शास्त्र आहे म्हणे त्यांचं.

मला शास्त्र कळत नाही. माझी आर्डिस मला परत हवी आहे, बस.

बाई दक्षिणेतल्या टेक्सासच्या आहेत, इथं उत्तरेत येऊन फार दिवस झाले नसावेत. आम्ही बसल्यावर म्हणाल्या, "कॉफी घेणार?" मी म्हटलं, "नको नको, कशाला." तर त्यांनी स्वतःपुरती ओतली आणि प्यायला लागल्या! मी बघतच राहिलो. आमच्याकडे तीनदा विचारतात. पहिल्यांदा माणूस नको म्हणतो, दुसऱ्यांदा "तुम्हाला उगाच त्रास" म्हणतो, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप द्या" म्हणतो आणि मग दोन कप पितो. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आर्डिसने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकं नव्हतं. पण तेवढ्यासाठी मी आणखी दहा कॉफ्या सोडायला तयार आहे.

१६ ऑक्टोबर

आज बाईंनी डोक्यातल्या वाईट सवयींची नावं सांगितली. समोरचा आपल्याबद्दल काय विचार करतोय हे न विचारताच ठरवून टाकायचं, ते मन वाचणं. एक चूक झाली की सगळा जन्म फुकट गेला म्हणायचं, ते काळं-पांढरं बघणं. उद्या काहीतरी भयंकर होणार म्हणून आज थरथरायचं, तेही एक. असा विचार आला की त्याला नावाने ओळखायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझ्याकडे पुरावा काय?

मला हे एकदम पटलं. फर्नेसचं तसंच असतं. आवाज कुठून येतोय ते कळलं की निम्मं काम झालं. येताना गाडीत मी आर्डिसला म्हटलंसुद्धा, "सोपं आहे गं. आपण दोघं मिळून दुरुस्त करून टाकू."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "हो."

१९ ऑक्टोबर, रविवार

आर्डिसने आज बऱ्याच दिवसांनी सूप केलं. मी चमचा तोंडात घातला तशी म्हणाली, "खारट झालंय. तुला नाही आवडलं."

मी लगेच बोट वर केलं. "मन वाचणं!"

तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "मला काही धड जमत नाही आता."

"काळं-पांढरं!" मी म्हटलं. "पुरावा काय?"

तिने माझ्या वाडग्याकडे बघितलं. सूप खारटच होतं, समुद्राच्या वरताण. पण बाईंची पद्धत आहे, मध्येच सोडून कशी चालेल? मी सगळं संपवलं आणि वर दोन ग्लास पाणी प्यायलो. ती उठून आत जाऊन झोपली. पद्धत बरोबर आहे, पण आर्डिसकडून अजून पुरेशी मेहनत होत नाही असं मला वाटतं.

२३ ऑक्टोबर

आज मला बोलणी बसली. आर्डिसने सुपाचं सांगितलं असणार. बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं.

"मिस्टर ब्रेक्के, तुम्ही घरात पोलीस झालात."

"मी मदत करतोय."

"ते दिसतंय. पण तिचे विचार पकडणं तुमचं काम नाही. तुमचं काम सोपं आहे. ती काय म्हणते ते ऐका. तिच्या मनात काय असेल याचे तर्क करू नका. ती हो म्हणाली तर हो, नको म्हणाली तर नको. ज्या माणसाला आपण नकोसे झालोय असं वाटतं ना, त्याच्या शब्दाला आधी किंमत द्यावी लागते."

मी म्हटलं, "बाई, इथं कुणी असं बोलत नाही."

त्या हसल्या. "माझ्या ध्यानात येतंय ते. हळूहळू."

म्हणजे मन वाचायची सवय मलाही आहे असं त्यांचं म्हणणं. असेल. आर्डिसच्या चेहऱ्यावरून तिला काय हवं ते मला कळतं, अशी माझी आजवर समजूत होती. पण तसं असतं तर ती आज अशी झाली असती का?

३ नोव्हेंबर

वाईट दिवस. जॉन्सनकडचं काम आटोपून आलो तर आर्डिस जिन्यावर बसलेली. पायात एकच मोजा. कधीपासून बसली होती देव जाणे. म्हणाली, "दुसरा घालायचा म्हटलं तर मला होईना." मी गुडघे टेकून तो तिच्या पायात चढवला. लोखंडी वस्तू असती तर खोलून बघितली असती. माणसाचं काय खोलणार?

डेल्गाडो बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आठवड्यातून एकदा भेटून भागणार नाही. डलूथ शहरातल्या एका इस्पितळात दिवसभराचे उपचार असतात, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. आमची मुलगी सिग्ने तिथेच राहते. आर्डिसने तिच्याकडे राहावं आणि तिथून जावं. बरेच आठवडे लागतील.

९ नोव्हेंबर, रविवार

आर्डिस गेली. सिग्ने गाडी घेऊन आली होती.

काल रात्री जेवताना मी म्हटलं, "मीही येऊ का डलूथला? तू बरी होईपर्यंत राहीन तिथं."

आर्डिस म्हणाली, "नको. लोकांचे फर्नेस कोण बघेल? थंडी तोंडावर आली."

पूर्वीचा मी असतो तर लगेच म्हटलं असतं, फर्नेस गेले खड्ड्यात. पण मला बाईंचे शब्द आठवले. नको म्हणाली तर नको. मी म्हटलं, "बरं, तू म्हणतेस तसं." आणि पुन्हा तो विषय काढला नाही. जीभ नुसती वळवळत होती, पण दाबून धरली.

आज सकाळी सामान गाडीत ठेवून झालं तरी आर्डिस दारातच होती. हातमोजे घातले, काढले, परत घातले. मला म्हणाली, "ओव्हनमध्ये बटाटे-खिम्याचं हॉटडिश ठेवलंय, दोन दिवस पुरेल."

"पुरेल."

"बटाटे जरा कच्चे राहिलेत."

"मी बघतो."

मग पुन्हा हातमोज्यांचं चाललं होतं. बरीच गारठली असावी. सिग्नेने हॉर्न दिला तेव्हा गेली. मी हात केला. रडू येत होतं ते गाडी वळेपर्यंत थोपवलं. पण एक समाधान आहे. आज पहिल्यांदा मी तिच्या शब्दाला किंमत दिली.

२० नोव्हेंबर

सिग्नेचा फोन. आर्डिस रोज जाते, पण बोलत नाही, जेवत नाही. पहिला आठवडा फार जड गेला. सिग्ने म्हणाली, "बाबा, ती रात्री विचारत होती, बाबा का आले नाहीत म्हणून."

मी म्हटलं, "तिनेच नको म्हणून सांगितलं."

"हो का? बरं." सिग्नेचा आवाज थकलेला होता.

आता यात माझं काय चुकलं? बाईंनी सांगितलं तस्संच केलं. पण दुपारभर मन थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाकडे फिल्टर उलटा बसवून आलो आणि परत जावं लागलं. असं आजवर कधी झालं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

शेजारच्या मिल्टनने टर्की खायला बोलावलं. मिल्टनची बायको गेली त्याला काही वर्षं झाली. एकटा राहतो आणि रेडिओशी भांडतो. कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "ये रे जेवायला."

"नको, तुला कशाला त्रास."

"टर्की काय मी हाताने वाढवलीय का? ये."

"अरे, आहे घरात काहीबाही."

"व्हर्डेल, काहीबाही कुत्र्याला घाल. दुपारी ये, आणि दाढी करून ये. मला वाटलं जंगलातून कोण अस्वल आलं."

तीनदा विचारून झालं, तेव्हा गेलो. दाढीही केली. टर्की चामड्यासारखी होती, पण मिल्टनने वाढून वाढून खायला घातली आणि मुद्दाम आर्डिसचं काही विचारलं नाही. सज्जन माणूस. डलूथला जाता आलं असतं. पण सिग्नेने फोनवर एकदाच विचारलं, मी म्हटलं रस्त्यावर बर्फ आहे, आणि ती म्हणाली, "ठीक आहे बाबा, जपून राहा." शहरात राहून मुलगी आपल्या रीती विसरली.

२५ डिसेंबर, डलूथ

आज नाताळ. कालच इथं आलो. सिग्नेने या वेळी विचारलंच नाही, "चोवीस तारखेला निघा" म्हणून सरळ सांगितलं. हे बरं झालं.

आर्डिस मला ओळखूच येईना. केस कापलेत. माझा कोट हातातून घेतला आणि म्हणाली, "किती वाळलास रे!" मी दारातच उभा. ही तीच बाई, जिला मोजा घालता येत नव्हता. मला इतका आनंद झाला की बोलता येईना, आणि बोलायला गेलो तर तोंडून निघालं ते, "रस्ता बरा होता."

जेवण झाल्यावर सिग्ने म्हणाली, "आई, कॉफी?"

"हो," आर्डिस म्हणाली.

पहिल्याच विचारण्याला हो! माझी बायको! मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मला विचारलं तेव्हा मी "नको, असू दे" म्हटलं, आणि सिग्ने किटली घेऊन आत गेली. आर्डिसने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसली. मीही हसलो. तिला असं हसताना बघून डोळे भरून आले. कॉफी मात्र मिळाली नाही.

नंतर आम्ही दोघंच बसलो होतो. ती म्हणाली, "तिथं आम्हाला शिकवतात. हवं ते हवं म्हणायचं, नको ते नको म्हणायचं. आधी मला उघड्यावर कपडे बदलल्यासारखं वाटायचं. आता सवय झाली."

मी म्हटलं, "छान."

"व्हर्डेल, मी निघाले त्या दिवशी दारात का उभी होते, कळलं का तुला?"

"हातमोजे घालत होतीस."

"तू पुन्हा विचारशील म्हणून उभी होते. आणखी एकदा येऊ का म्हणाला असतास तर मी हो म्हणणार होते. गाडीत बसेपर्यंत वाटत होतं, आता विचारेल, आता विचारेल."

माझ्या छातीत कुणीतरी पाना घातल्यासारखं झालं. "पण डेल्गाडो बाई म्हणाल्या होत्या, तर्क करू नका. तू नको म्हणालीस..."

"माहीत आहे मला. तुझी चूक नव्हती. मी आजारी होते आणि मला जे हवं ते तोंडातून निघत नव्हतं. नंतर आठवडाभर मी मनात धरून बसले, की मी गेल्याने याची सुटका झाली. तोही मन वाचण्यातलाच प्रकार." तिने माझा हात धरला. "म्हणून ठरवलंय. मी जे बोलेन ते खरं बोलेन. आणि तू जे म्हणशील ते मी खरं धरेन. तुझं नको म्हणजे नको. एवढी वर्षं आपण एकमेकांच्या चेहऱ्यावर वाचत बसलो आणि निम्मं चुकीचं वाचलं. मी दमले रे त्याने. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल." दुसरं काय म्हणणार?

२६ डिसेंबर, डलूथ

निघायच्या आधी विचारलं, "आता बरी आहेस. घरी येतेस?"

"अजून नाही. एकत्र बसून बोलायचा गट आहे आमचा, तो वसंतापर्यंत चालेल. आणि इथल्या एका चर्चमध्ये पियानो वाजवायला बोलावलंय. परत वाजवते आहे मी. हे सोडून आत्ता नाही यायचं."

मी कोट घातला. मग पुन्हा म्हटलं, "घर अगदी रिकामं वाटतं."

"वाटत असेल. मला वाईट वाटतं त्याचं. पण अजून नाही."

दारात आल्यावर तिसऱ्यांदा विचारलं. चुकीचं होतं, पण राहवलं नाही. नोव्हेंबरात विचारायचं राहिलं होतं, तेही त्यात आलं. "आर्डिस, चल ना घरी."

तिने माझी कॉलर सारखी केली. "मी पहिल्यांदाच खरं सांगितलं, व्हर्डेल."

बायको बरी व्हावी म्हणून देवाला साकडं घातलं होतं. बरी झाली. तक्रार कुणाकडे करू? सगळा रस्ताभर मी स्वतःला समजावत होतो, की हे चांगलंच झालं. चांगलंच झालं आहे. मला एवढं वाईट वाटायचं काही कारण नाही.

२ जानेवारी

मिल्टन अ‍ॅरिझोनाला गेला. नाताळ झाला की जातो, बर्फ वितळल्यावर येतो. जाताना म्हणाला, "चल माझ्याबरोबर. ऊन खा जरा."

मी नको म्हटलं. त्याने आणखी दोनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नको म्हणालो. लोकांची कामं आहेत. तिसऱ्यांदाही नको म्हटल्यावर मिल्टन जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "काही लागलं तर फोन कर," म्हणाला. आता रस्त्याच्या या बाजूला मी एकटाच.

११ जानेवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. मागच्या रविवारी पाद्रीबाई म्हणाल्या होत्या, "आर्डिस कशी आहे? आणि तुम्ही?" त्या 'आणि तुम्ही'मध्ये काय होतं ते मला बरोबर कळलं. लोक म्हणत असणार, याच्यापायी ती पळाली. दुसरीकडे गेली आणि बरी झाली, म्हणजे दुखणं कुठं होतं ते उघड आहे. तोंडावर कुणी म्हणणार नाही, पण मला नजरा कळतात. हे मन वाचणं नव्हे. ही वस्तुस्थिती आहे.

एवढी वर्षं मी तिला काय दिलं? सगळा संसार फुकट घालवला तिचा. एक मोजा धड चढवला तेवढाच.

बाकी ठीक.

१९ जानेवारी

हिमवादळ. घरातला फर्नेस खडखडतोय. खालच्या मजल्यावर जाऊन बघायला हवा. उद्या बघू. कोट घालून बसलं की चालतं. पलंग फार मोठा वाटतो म्हणून खुर्चीतच झोपतो. जॉन्सनचा फोन आला होता, उचलला नाही. एकदा फिल्टर उलटा बसवणाऱ्या माणसाच्या हातात घर द्यायचं म्हणजे काय, कुणाचं घर जाळायचं का?

सिग्नेचा फोन उचलला. ती म्हणाली, "बाबा, आवाज असा का येतोय?"

"सर्दी."

"तुम्हीही कुणाशी तरी बोला ना. डेल्गाडो बाईंची वेळ घेऊन देऊ का?"

"नको गं. मला काय धाड भरलीय?"

"नक्की?"

हे दुसऱ्यांदा झालं. मला आशा वाटली. "उगाच तुला त्रास," मी म्हटलं.

"बरं मग. वाटलं तर सांगा." तिच्याकडे कुणीतरी दार वाजवत होतं. ठेवला तिने फोन.

आणखी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हणणार होतो. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. मी हो म्हणणार होतो.

१ फेब्रुवारी, रविवार

आज आर्डिसचा फोन आला. चर्चमधून आली होती, आवाजात अजून गाणं होतं. आज काय वाजवलं ते सांगितलं, मध्ये एक सूर चुकला म्हणाली, आणि हसली. "चुकला तर चुकला. कुणी मेलं नाही." मीही हसलो. हसताना दाढीचे केस कॉलरला घासले.

मग म्हणाली, "ऐक. सिग्नेकडची खालची खोली रिकामी झालीय. मला तुझी आठवण येते. तू येतोस का इकडे, वसंतापर्यंत? मग बरोबरच परत जाऊ."

मला उठून तसंच गाडीत बसावंसं वाटलं, चपलांसकट. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नको, कशाला उगाच. इथं लोकांची कामं आहेत. थंडी आहे."

तिच्या मागे सिग्नेच्या घरातली भांडी वाजत होती.

"बरं," आर्डिस म्हणाली. "मला आवडलं असतं. पण तू म्हणतोस तर नको." मग म्हणाली, "जपून राहा हं."

फोन ठेवला. मी तिथंच बसून राहिलो. आत्ता परत करेल. पहिल्यांदा नको म्हटलं, म्हणजे अजून दोन वेळा आहेत. आमचं लग्न असंच ठरलं. तिने जेवायला बोलावलं होतं आणि मी दोनदा नको म्हटलं होतं.

४ फेब्रुवारी

फोन नाही. तिला गट असतो, पियानो असतो. फर्नेस बंद पडला. मधल्या खोलीत विजेची शेगडी लावली आहे, तेवढी पुरते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोन नाही.

मला माहीत आहे काय करायचं ते. फोन उचलायचा, नंबर फिरवायचा आणि म्हणायचं, हो, मला यायचंय. डेल्गाडो बाई समोर असत्या तर म्हणाल्या असत्या, तीनच तर शब्द. त्यांना काय जातं म्हणायला? आपण होऊन असं गळ्यात पडायचं म्हणजे! एकदा नको म्हटल्यावर! ती म्हणेल, आता खोली दुसऱ्याला दिली. किंवा नुसतं बरं म्हणेल, आणि मला कळेल की तिला आता तसं नकोच होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

शेवटी मीच फोन केला. दोनदा नंबर चुकला, पण तो थंडीने.

"व्हर्डेल!" ती म्हणाली. खूश झाली होती. हे मी मनचं लिहीत नाही, आवाजात होतं.

मी म्हटलं, "तिकडे फर्नेस नीट चालतोय ना?"

"चालतोय की. का?"

"फार थंडी पडलीय, म्हणून म्हटलं."

"आपल्याकडचा?"

"ठणठणीत," मी म्हटलं. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"बरं." मग ती म्हणाली, "तू दुसरं काही सांगायला फोन केलास का?" आणि थांबली. पुष्कळ वेळ थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या जिभेच्या टोकावर ते सगळं आलं होतं, खुर्ची, दाढी, कोट, उलटा फिल्टर, सगळं. तिने फक्त म्हणायचं होतं, तू येच. मी तसाच निघालो असतो.

मी म्हटलं, "नाही गं. सहज."

"नक्की ना?"

"हो, हो. इथं सगळं ठीक आहे."

"मग बरं वाटलं मला," ती म्हणाली, आणि ते तिने खरं धरलं. तिने फोन ठेवला.

ती पूर्वी अशी नव्हती. पूर्वी मी एका खोलीत नाही म्हणालो तर दुसऱ्या खोलीत तिला हो ऐकू यायचं. काय शिकवतात त्या इस्पितळात कोण जाणे. एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलेल्या बाईला एवढंही कळू नये?